स्टीम फेअर, जुन्या गाड्या आणि लिस्टरचं इंजिन: इथे कोणी जातं का?

लिस्टरवाला:

विंटेज गाड्यांचे धागे इथे बरेच आहेत पण इंग्लंडातल्या स्टीम फेअरबद्दल, म्हणजे जुन्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेबद्दल, एकही सापडला नाही म्हणून हा काढतोय. मी बेडफर्डशायरला राहतो. जवळच ओल्ड वॉर्डन नावाचं गाव आहे, जुन्या विमानांचं शटलवर्थ कलेक्शन जिथे आहे तेच, आणि तिथल्या पार्कात दरवर्षी सप्टेंबरमध्ये स्टीम अँड कंट्री फेअर भरते. पहिल्यांदा गेलो ते नुसतं बघायला, आता माझं छोटं लिस्टर इंजिन घेऊन जातो. त्यातनं जे कळलं ते लिहितो, तुमचेही अनुभव येऊ द्या.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली शेतीतली वाफेची इंजिनं भराभर भंगारात चालली होती, ट्रॅक्टर आले होते आणि लोखंडाला भाव होता. 1950 साली ॲपलफर्ड गावच्या आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने मित्राशी बिअरच्या पिंपाची पैज लावली की माझं मार्शलचं इंजिन तुझ्या एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीच्या इंजिनापेक्षा जोरात पळेल. शेतात दोन ट्रॅक्शन इंजिनांची (स्वतःच्या चाकांवर चालणारी, ओढकामाची वाफेची इंजिनं) शर्यत झाली, नॅपरचं 'ओल्ड टायमर' जिंकलं. पुढच्या वर्षांत बघायला येणारी माणसं इतकी वाढली की ठिकठिकाणी रॅली भरायला लागल्या आणि 1954 मध्ये नॅशनल ट्रॅक्शन इंजिन क्लब निघाला. डॉर्सेटची ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर 1969 मध्ये सुरू झाली. म्हणजे बघा, एका पैजेने किती इंजिनं भट्टीत वितळायची वाचली.

फेअरला काय असतं? सगळ्यात आधी वास येतो, कोळशाचा धूर, गरम सिलिंडर ऑइल आणि ओलं गवत. सकाळी पाचला फायरबॉक्समध्ये जाळ घालतात तेव्हा कुठे आठ-साडेआठला प्रेशर येतं, आणि मधल्या वेळात इंजिनवाले हातात फडकं घेऊन पितळ घासत असतात, चहा पीत असतात, शेजारच्याची चौकशी करत असतात. मग रोड रोलर, शेतातली ट्रॅक्शन इंजिनं, वाफेच्या लॉऱ्या, आणि सर्कस-जत्रावाल्यांची शोमन्स इंजिनं, ज्यांच्या पुढे डायनॅमो असतो आणि वरच्या छताला पिळाचे पितळी खांब. थेटफर्डचे बरेल आणि लीड्सचे फाउलर ही त्यातली मोठी नावं. अंधार पडला की याच डायनॅमोवर छताचे दिवे लागतात आणि ऑर्गन वाजायला लागतो, ते प्रत्यक्षच बघावं.

माझ्या मते मात्र खरी मजा मागच्या शेतात असते, कामाच्या भागात. तिथे मळणी चालू असते. ट्रॅक्शन इंजिन उभं, त्याच्या फ्लायव्हीलवरून लांबलचक पट्टा मळणीयंत्रावर, पट्टा निसटू नये म्हणून मध्ये एक पीळ दिलेला, वर दोन माणसं पेंढ्या सोडतायत, एका बाजूने पोत्यात धान्य आणि दुसऱ्या बाजूने पेंढा. आणि फाउलरची नांगरणी. यात इंजिन शेतात शिरतच नाही. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं, प्रत्येकाच्या पोटाखाली आडवा ड्रम, त्यावर तारेचा दोर, आणि मधला नांगर हे इंजिन ओढतं मग ते इंजिन ओढतं. नांगर साध्या नांगरासारखा एकतर्फी नाही, दोन्हीकडे फाळ आहेत आणि मधल्या चाकांवर तो तोललेला असतो, एक बाजू जमिनीत गेली की दुसरी हवेत. धुळीत पलीकडचा माणूस दिसत नाही म्हणून शिट्टीवर कारभार चालतो. वीसेक टनांचं धूड कडेला थांबतं त्यामुळे जमीन दाबली जात नाही, ही गोष्ट आजच्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी तिथे उभं राहून बघण्यासारखी आहे.

आता माझं इंजिन. लिस्टर डी टाइप, डर्स्ली गावच्या आर. ए. लिस्टर कंपनीचं, पेट्रोलवर चालणारं, दीड हॉर्सपॉवर, 700 आरपीएम. 1926 पासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं हे मॉडेल निघत होतं, शेतावर पाणी उपसायला, दूध काढायच्या मशीनला, कडबा कापायला, सगळीकडे हेच. फेअरमध्ये अशा छोट्या इंजिनांची वेगळी रांग असते, प्रत्येकाला दोरीने आखलेला चौकोन मिळतो. मी त्याला पट्ट्याने बेंटॉलची धान्य भरडायची चक्की जोडतो आणि समोर खरंच धान्य भरडतो. भरडा कोंबड्यांना जातो, तिथले एक शेतकरी आजोबा पोतं भरून घेऊन जातात.

हे सांगायचं कारण असं की पहिल्यांदा मी नुसतं इंजिन चालू ठेवायचो, चकाचक पुसलेलं, आणि लोक दोन सेकंद थांबून पुढे जायचे. चक्की जोडली आणि माणसं थांबायला लागली. मुलं विचारतात पीठ कुठून येतं, म्हातारे सांगतात आमच्या वडिलांकडे हेच होतं आणि मग पुढची पंधरा मिनिटं तेच बोलतात आणि मी ऐकतो. जुनं यंत्र काम करताना दाखवावं, आणि त्याच्या शेजारी त्याच्याबद्दल बोलणारं माणूस असावं, हे माझं ठाम मत झालंय. काचेमागे ठेवलेलं इंजिन बघून त्याचं काम कळत नाही.

कोणाकडे गाडी असेल, इंजिन असेल, किंवा नुसतं बघायला जाऊन आला असाल तर लिहा.

मिल्टनकर:

मस्त धागा, रुमाल टाकून ठेवतो. आम्ही मिल्टन कीन्सला आहोत, ओल्ड वॉर्डन अर्ध्या-पाऊण तासावर, पण विमानं बघून परत आलो, ही फेअर असते हेच माहिती नव्हतं. दोन प्रश्न. एक, सात वर्षांच्या मुलाला घेऊन दिवसभर जमेल का. दुसरा, ऑफिसातल्या एकाकडे जुनी मॉरिस आहे, तो विचारत होता की अशा ठिकाणी गाडी लावायला काय करावं लागतं, कोणीही लावू शकतं का?

स्पॅनरवाली:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते कारण आमच्याकडे ऑस्टिन सेव्हन आहे, रुबी मॉडेल, आणि आम्ही उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी ती लावतो.

फॉर्म हिवाळ्यातच निघतात. गाडीचा फोटो, साल, मेक, थोडा इतिहास आणि इन्शुरन्सचा कागद मागतात. ज्या वर्गात जागा कमी तिथे निवड होते. तिथे एकाच मॉडेलच्या दहा गाड्या असतील तर नंबर लागणं अवघड, पण तुमची गाडी एखाद्या बेकरीवाल्याकडे डिलिव्हरीला होती असा काही इतिहास असेल तर तो आवर्जून लिहा, निवडणारे तेच वाचतात. आणि गाडी पहाटे आत घ्यायची असते, पब्लिक आलं की संध्याकाळपर्यंत हलवता येत नाही, म्हणजे मध्येच घरी जातो म्हणून चालत नाही.

कागदपत्रांचं सोपं आहे. 40 वर्षांपेक्षा जुनी गाडी हिस्टॉरिक वर्गात गेली की रोड टॅक्स शून्य आणि गेल्या 30 वर्षांत त्यात मोठे बदल केले नसतील तर एमओटीही (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) नाही. पण टॅक्स शून्य असला तरी दरवर्षी भरल्याची नोंद करावीच लागते, आणि एमओटी नाही म्हणून गाडी न तपासता रस्त्यावर काढू नये, आम्ही दर वर्षी गॅरेजमध्ये ब्रेक आणि स्टिअरिंग तपासूनच काढतो. सेव्हनचे ब्रेक केबलचे आहेत, ते कधी चांगले म्हणून प्रसिद्ध नव्हतेच, पुढची गाडी लांब असतानाच पाय ठेवायचा.

लिस्टरवाला म्हणतायत ते गाड्यांनाही लागू आहे. आम्ही बॉनेट उघडं ठेवतो. 747 सीसीचं एवढंसं इंजिन, पाण्याचा पंप नाही, गरम पाणी आपोआप वर जातं आणि थंड खाली येतं, त्यावरच ते थंड राहतं, हे मुलांना दाखवलं की कळतं. आणि दर तासाला कोणाला तरी हँडल मारून दाखवतो. हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली ढकलायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर ओढणारा हात सुटतो, ढकलणारा मोडतो. हे मी प्रत्येकाला करून दाखवते आणि मगच हात लावू देते.

मिल्टनकरांच्या मुलाबद्दल: जमेल, पण कानाला मफ्स न्या. शोमन्स इंजिनाची शिट्टी जवळून वाजली की लहान मुलं घाबरतात. गमबूट तर हवेतच.

पंचगंगाकाठ:

लिस्टरवाला, तुमचं वाचून एकदम गावची आठवण आली. आमच्या आजोबांची पिठाची गिरणी होती, कोल्हापूरजवळ, आणि तिला रस्टनचं आडवं डिझेल इंजिन होतं, मोठ्या फ्लायव्हीलचं. सायलेन्सरच्या नळीवर पत्र्याचा डबा अडकवलेला असायचा, त्याचा कुक कुक कुक आवाज अर्ध्या गावात जायचा आणि बायका तो ऐकून दळण घेऊन निघायच्या, आवाज नाही म्हणजे गिरणी बंद. वीज आली, मोटर बसली, इंजिन मागच्या खोलीत गेलं. ते अजून तिथंच आहे, वर पोती टाकलीत. भंगारवाला दोनदा येऊन गेला, वडलांनी दिलं नाही, का ते त्यांनाही सांगता येत नाही पण देत नाहीत.

गुऱ्हाळावर पण तसलंच इंजिन असायचं चरकाला. आता कुठंच दिसत नाही.

मला खरंच विचारायचंय, असलं इंजिन परत चालू होतं का? फ्लायव्हील हलत नाही सध्या.

लिस्टरवाला:

@पंचगंगाकाठ, वडलांना माझा नमस्कार सांगा आणि ते इंजिन कोणालाही देऊ नका.

होतं चालू, बहुतेक वेळा होतं. पहिली गोष्ट, जोर लावायचा नाही. फ्लायव्हीलला पहार लावून हिसका देऊ नका, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतात आणि जोर केला की रिंग तुटते किंवा फ्लायव्हीलचा आरा. बिडाचं काम आहे, वाकत नाही, सरळ फुटतं. इंजेक्टर काढा, त्या भोकातून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं अर्धं करून ओता आणि विसरा, आठवडे लागतील. अधूनमधून थोडं अजून घाला. मग दोन्ही बाजूला थोडं थोडं हलवून बघा, केसभर जरी हललं तरी जिंकलात.

तोपर्यंत वरची कामं. पितळी किंवा पत्र्याची नंबर प्लेट शोधा, रंगाखाली असेल, तारेच्या ब्रशने अजिबात घासू नका, अक्षरं जातात, रॉकेल लावून फडक्याने पुसा. त्यावर सिरीयल नंबर, आरपीएम, हॉर्सपॉवर असतो, त्यावरून साल आणि मॉडेल काढता येतं. क्रँककेसमधलं जुनं तेल काढा, तळाला पाणी साचलंय का बघा. गव्हर्नरचे (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) जोड मोकळे आहेत याची खात्री झाल्याशिवाय इंजिन कधीच चालू करू नका, गव्हर्नर अडकला तर डिझेल इंजिन पळत सुटतं आणि त्या वजनाचं फ्लायव्हील जोरात फिरताना फुटलं तर भिंत थांबवत नाही.

आणि रंग देऊ नका, निदान आत्ता तरी. त्यावर तुमच्या आजोबांच्या हाताचं तेल आहे.

वाफाळ:

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो, आता रिटायर्ड. इंजिनांबद्दल सगळे लिहितायत म्हणून बॉयलरबद्दल मी लिहितो, कारण लोकांना ते खेळणं वाटतं.

ट्रॅक्शन इंजिनाचा बॉयलर साधारण 150 ते 200 पीएसआयवर (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) चालतो. 150 पीएसआयला आतलं पाणी 185 अंशांच्या आसपास असतं, उघड्या भांड्यातल्यासारखं शंभर अंशांना उकळत नाही कारण दाबाखाली आहे. बॉयलर फाटला तर दाब एकदम जातो आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याची एका क्षणात वाफ होते, पाण्याच्या सोळाशे पट जागा तिला लागते. मोठा बॉयलर फुटला की इमारत जाते ती यामुळे.

म्हणून फायरबॉक्सच्या माथ्यावर कायम पाणी पाहिजे. गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी दिसतंय एवढं बघून चालत नाही, वरचा आणि खालचा कॉक उघडून वाफेने काच फुंकून बघायची की खरंच पाणी आहे का, नळी चोंदलेली असली तर काच खोटं दाखवते. आणि चालत्या इंजिनाला उतार लागला की पाणी पुढे पळतं, मागचा माथा उघडा पडतो, म्हणून उतारावर जायच्या आधी पाणी भरून घ्यायचं. माथ्यात एक शिशाचा प्लग असतो, पाणी खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ जाळावर येते आणि माणसाला कळतं. पण तो शेवटचा इशारा आहे, त्यावर भरवसा ठेवून काम करणारा बॉयलरवाला नव्हे.

2001 साली अमेरिकेत ओहायोमधल्या मेडिना काउंटी फेअरला केस कंपनीचं जुनं ट्रॅक्शन इंजिन असंच फुटलं, पाच माणसं गेली. पाणी कमी झालं होतं आणि माथ्याचा पत्रा झिजलेला होता. त्यानंतर तिथले नियम कडक झाले.

आपल्याकडे 1923 च्या बॉयलर कायद्यापासून तपासणी आणि सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट सक्तीचा आहे. इंग्लंडात कसं आहे लिस्टरवाल्यांनी सांगावं.

लिस्टरवाला:

वाफाळ काका, फार महत्त्वाचं लिहिलंत. इथे प्रेशर सिस्टिम्सचे 2000 सालचे नियम आहेत. प्रत्येक बॉयलरसाठी तपासणीची लेखी योजना असावी लागते, बाहेरचा तज्ज्ञ येऊन आधी थंड बॉयलर आत-बाहेर तपासतो, मग वाफेवर परत तपासतो, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडतो का बघतो. तो कागद आणि इन्शुरन्स असल्याशिवाय फेअरवाले गेटमधून आत घेत नाहीत. फिरताना बरोबर स्टिअरिंगला एक आणि जाळाला एक अशी दोन माणसं असतात. नवखी मुलं आधी कित्येक महिने राख काढणं, पाणी भरणं, तेल घालणं हेच करतात. मी स्वतः शेजारच्या एका मार्शलवर फक्त तेलपाण्याचं काम करतो, जाळाला अजून हात लावलेला नाही.

टेकडीवरून:

धागा आवडला, एक प्रश्न मनात आहे तो विचारतेच. हवामानाचं एवढं सगळं चालू असताना छंदासाठी कोळसा जाळणं बरोबर आहे का? कोणाला दुखवायचं नाही, पण इंग्लंडात तर घरात कोळसा जाळायलाही बंदी आलीय ना?

लिस्टरवाला:

@टेकडीवरून, प्रश्न योग्य आहे आणि इंजिनवालेही हाच विचार करतायत. इंग्लंडात घरगुती वापराच्या साध्या कोळशाची विक्री 2023 मध्ये बंद झाली, जुन्या इंजिनांना आणि हेरिटेज रेल्वेला तो मिळतो. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात वेल्समधली मर्थर टिडफिलची फॉस-इ-फ्रान खाण बंद झाली, आणि वेल्सचा कोळसा म्हणजे वाफेच्या इंजिनांसाठी सगळ्यात चांगला, धूर कमी आणि आच जास्त. आता कोळसा बाहेरून येतो, महाग पडतो, आणि कारखान्यात दाबून केलेल्या अंडाकृती गोळ्या वापरून बघणं चालू आहे. काही इंजिनांना त्या मानवतात, काहींच्या जाळीवर त्यांची राख चिकटते.

माझं म्हणणं एवढंच, वर्षातले थोडे दिवस चालणारी ही इंजिनं आहेत, आणि आपण आज ज्या धुराबद्दल बोलतो त्याची सुरुवात कशी झाली, माणसाच्या आणि बैलाच्या पाठीवरचं किती ओझं उतरलं आणि त्याची किंमत काय पडली, हे दोन्ही मुलांना त्या इंजिनासमोर उभं करून सांगता येतं. मी सांगतो. तरी तुमची काळजी खोटी नाही.

टेकडीवरून:

पटलं बऱ्यापैकी. मुलांना दोन्ही सांगताय हे बरं वाटलं. पुढच्या वर्षी येऊन बघीन म्हणते.

पर्वतीपायथा:

पुण्याहून. माझ्याकडे डुक्कर फियाट आहे, वडलांची, चालू स्थितीत.

आपल्याकडे 2021 पासून व्हिंटेज गाड्यांना वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, 50 वर्षांवरच्या गाड्यांना, नंबरात व्हीए अक्षरं येतात. नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो, मूळ नंबर जाऊ देऊ नका, गाडीचा इतिहास त्यात असतो.

मुंबई-पुण्यात रॅल्या छान होतात, गाड्या सुंदर असतात. पण मला एक खटकतं. बक्षीस रंगाला आणि क्रोमला मिळतं. ज्या गाडीचा मूळ रंग, मूळ सीटचं कापड, मूळ डॅशबोर्ड आहे आणि जी स्वतःच्या चाकांवर दोनशे किलोमीटर चालत आली ती मागे राहते, आणि ट्रकवरून उतरवलेली चकचकीत गाडी पुढे जाते. मग लोक घरी जाऊन चांगल्या जुन्या गाडीची कातडी सोलून नवीन रंग मारतात. एकदा मूळ रंग गेला की परत येत नाही, कुठल्याही पैशाने. इंग्लंडात या बाबतीत काय आहे?

स्पॅनरवाली:

@पर्वतीपायथा, इथेही दोन्ही प्रकारचे लोक आहेत, पण गेल्या काही वर्षांत न रंगवलेल्या, तेलकट फडक्याने नुसत्या पुसून ठेवलेल्या गाड्यांना मान वाढलाय. आमच्या रुबीचा डावा मडगार्ड कोणीतरी कधीतरी हाताने रंगवलाय, ब्रशचे फराटे दिसतात. त्याच्याबद्दल जेवढं लोक विचारतात तेवढं बाकी कशाबद्दल विचारत नाहीत. तो तसाच राहणार.

गंज मात्र थांबवावा, तो इतिहास नाही.

वाफाळ:

पर्वतीपायथा यांच्या मुद्द्यावरून आठवलं. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात जुने वाफेचे रोड रोलर उभे असतात, तुम्ही पाहिले असतील. पुढे घोड्याचं चिन्ह असेल तर तो एव्हलिंग अँड पोर्टर, इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या रोचेस्टरचा, घोडा हे केंटचं चिन्ह. गेन्सबरोच्या मार्शलचेही बरेच आहेत. आपल्याकडच्या खडीच्या रस्त्यांवर यांनी किती वर्षं काम केलंय. आता त्यांना पिवळा-काळा ऑइलपेंट फासून भोवती कुंड्या ठेवतात, नाव नाही, साल नाही, काय काम केलं त्याची पाटी नाही. चालू करा असं मी म्हणत नाही, पन्नास वर्षं उन्हापावसात पडलेला बॉयलर वाफेवर घ्यायचा म्हणजे आधी त्याचा पत्रा जागोजाग मोजावा लागेल. पण निदान वर छप्पर घाला, चिमणीवर झाकण ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत साठणार नाही, आणि पाटी लावा. एवढ्याला खर्च येत नाही.

मिल्टनकर:

अवांतर आहे पण सांगतो, माथेरानच्या गाडीचं 740 नंबरचं वाफेचं इंजिन इंग्लंडात जपून ठेवलंय. मुलाला दाखवायला घेऊन जायचा विचार आहे, टॉय ट्रेनमध्ये तो दोनदा बसलाय.

आणि हो, मॉरिसवाल्या मित्राला स्पॅनरवाली ताईंची सगळी माहिती दिली, तो खूश आहे. त्याच्या गाडीला इतिहास आहे, गावातल्या नर्सबाई त्या गाडीतून फिरायच्या म्हणे.

स्पॅनरवाली:

अरे मग फॉर्ममध्ये पहिल्या ओळीत हेच लिहायला सांग! नर्सबाईंच्या वेळचा एखादा फोटो मिळाला तर गाडीसमोर पाटीवर लावायचा. मोठी अक्षरं, वाकून वाचावं लागणार नाही अशी.

पंचगंगाकाठ:

लिस्टरवाला, तुमचं वाचून दाखवलं वडलांना. दोघांनी मिळून पोती काढली. प्लेट सापडली, रॉकेलने पुसली, नंबर अर्धा दिसतोय. इंजेक्टर निघाला, तेल ओतलंय. वडील रोज सकाळी जाऊन बघतायत.

आता एक विचार डोक्यात आलाय. आमच्याकडे कराडला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं कृषी प्रदर्शन भरतं, बारामतीला कृषिक असतं, मोशीला किसान. सगळीकडे नवे ट्रॅक्टर, ड्रोन, ठिबक. कोपऱ्यात एक रांग जुन्या इंजिनांची का असू नये? सातारच्या कूपरचं, किर्लोस्करचं, रस्टनचं, लिस्टरचं. बॉयलर नको, वाफाळ काका म्हणतात ते खरंय, ते मोठं काम आहे. पण तेलावरची इंजिनं प्रत्येक तालुक्यात कुठल्या तरी गोठ्यात पडून आहेत. एकाला चरक, एकाला गिरणी, एकाला विहिरीचा पंप जोडायचा आणि चालवून दाखवायचं.

पर्वतीपायथा:

+1. मी फियाट घेऊन येतो. आणि माझ्या ओळखीत एक मेस्त्री आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांनी सगळी हयात ऑइल इंजिनांवर काढली. आवाज ऐकून सांगतात काय बिघडलंय. त्यांच्या हाताखाली आता कोणी नाही. त्यांना खुर्ची टाकून तिथे बसवलं आणि दोन आयटीआयची पोरं शेजारी दिली तर नुसतं प्रदर्शन राहणार नाही, शिकणं होईल.

लिस्टरवाला:

हे व्हायलाच पाहिजे. मी जे इथे बघितलंय त्यावरून सांगतो, करायचं तर या गोष्टी धरून करा. इंजिनापासून माणसांची दोरी निदान दोन मीटर लांब, आणि पट्टा असेल तर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना. साडीचा पदर, ओढणी, सैल शर्ट दोरीच्या आत नको, मालकाचाही नको. डिझेल-पेट्रोलचे कॅन इंजिनाजवळ ठेवायचे नाहीत, इंजिन गरम असताना टाकी भरायची नाही. आग विझवायचा सिलिंडर प्रत्येक दोन इंजिनांमागे एक. चालू इंजिन सोडून मालकाने चहाला जायचं नाही, जायचं तर बंद करून. आणि प्रत्येकासमोर पाटी: कुठे बनलं, कोणत्या गावात होतं, काय काम करायचं, शेवटचं कधी चाललं.

आयोजकांकडे जाताना आधी दोन इंजिनं चालू असलेला व्हिडिओ घेऊन जा, नुसत्या कल्पनेवर कोणी जागा देत नाही.

@पंचगंगाकाठ, प्लेटचा फोटो टाका, कडेने उजेड पाडून काढा म्हणजे दबलेले आकडे उठून दिसतात. इथे रस्टनवाल्यांचा गट आहे, त्यांना नंबर दाखवतो. इंजेक्टर बाहेर आहे तर तो नुसता ठेवू नका, डिझेलमध्ये बुडवून झाकण लावलेल्या डब्यात ठेवा, आणि सिलिंडरच्या भोकात लाकडी गुट्टी बसवा, उंदीर आत चिंध्या नेऊन भरतात.

पंचगंगाकाठ:

गुट्टी वडलांनी त्याच दिवशी बसवली, बाभळीची. फोटो रविवारी टाकतो, गावी जातोय. पर्वतीपायथा, मेस्त्रींचा नंबर व्यनि करा प्लीज, त्यांना जमत असेल तर गाडी पाठवतो आणायला.